अक्का, तुझे दवाखान्यातले भाऊ

अक्का,

तू जाऊन आज अकरा दिवस झाले आणि तुझ्या मशीनवरचं कापड मी अजून काढलेलं नाही. कुणाच्या तरी हिरव्या ब्लाउजची बाही दाबाखाली तशीच आहे, सुई अर्ध्या टाक्यावर उभी. सुमन दोनदा म्हणाली की ज्याचं असेल त्याला देऊन टाकू. बायकोचं ऐकायची सवय मला अजून पुरती लागलेली नाही, म्हणून मी राहू दे म्हणालो. तू असतीस तर म्हणाली असतीस, गिऱ्हाइकाचं कापड अडकवून ठेवू नये. तेही बरोबरच आहे. तुझं सगळं बरोबरच असायचं, हीच तर माझी तुझ्याबद्दलची जुनी तक्रार.

ताडकळसच्या पेठेत आपलं मॅचिंग सेंटर. पुढं मी गादीवर बसून कापड फाडायचो, मागच्या खोलीत तू शिवायचीस. मधे एक पडदा, त्याला मी तीनदा नवीन कापड दिलं आणि तीनही वेळा तू त्यातून कुणाच्या तरी पोरीचा परकर शिवलास. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय बहीण-भावाची जोडी आहे. त्यांना काय माहीत, आपण दिवसभर पडद्याआडून एकमेकांवर कुरकुरत असायचो. तुझं अस्तर आटतं, असं तू म्हणायचीस. तू बाही घट्ट करतेस आणि शिव्या मला बसतात, असं मी म्हणायचो. संध्याकाळी चहा आला की भांडण मिटायचं.

एक मात्र मिटलं नाही. सात वर्षं चाललं आणि अर्ध्यावर राहिलं. मी दारू पीत होतो आणि सोडली, हे मी गावात माझ्या तोंडानं सांगावं, असं तुझं म्हणणं. मी नाही सांगणार, असं माझं. आज लिहायला बसलोय ते त्या भांडणासाठी.

आपल्या घरात दारू सोडवायची एकच रीत ठाऊक होती, शपथ. लिंगायत वाण्याचं घर, मठाच्या स्वामींचं येणंजाणं, आणि दुकानात गादीवर बसलेला मुलगा थंड पेयाच्या बाटलीत दारू मिसळून दुपारपासून पितो, हे बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. मग आईनं मला स्वामींसमोर बसवलं, माझ्या गळ्यातलं लिंग काढून तळहातावर ठेवलं आणि शपथ वदवून घेतली. ती वीस दिवस टिकली. नंतर लिंग गळ्यात असताना पिणं मला जमेना. शहाणा माणूस अशा वेळी पिणं सोडतो. मी लिंग काढून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. आपल्यात जन्मल्यावर गळ्यात बांधतात ते मेल्यावर हातात देऊनच पुरतात. मी ते जिवंतपणी अंगावेगळं केलं आणि कुणाला कळू नये म्हणून सदऱ्याची वरची गुंडी लावून हिंडू लागलो.

तुला कळलं होतं. रोज सकाळी स्वतःच्या लिंगाबरोबर माझ्याही लिंगाची पूजा करायला लागलीस. मला हे कळायला दीड वर्ष गेलं.

मग पुड्या आल्या. आठवडी बाजारात एक जण बसायचा, न सांगता वरणातून द्यायचं औषध विकायचा. आईनं आणल्या आणि मी दोन दिवस ओकत पडलो. तिसऱ्या दिवशी तुला डब्यामागं उरलेल्या पुड्या सापडल्या. तू त्या आईच्या देखत मोरीत ओतल्यास. आईशी तू चढ्या आवाजात बोललेलं मी आयुष्यात एकदाच ऐकलं.

"त्याला न सांगता त्याची दारू सुटत आसती का, आई? दारू त्यो पेतो. वरण न्हाई पेत."

आई आठ दिवस तुझ्याशी बोलली नाही. आठव्या दिवशी तिला ब्लाउज शिवून पाहिजे होतं, म्हणून बोलली.

पुढची शपथ पोखर्णीला, नृसिंहासमोर. काका बरोबर होते. आता देव बदलला, आता सुटेल, असं त्यांचं म्हणणं. घरी आणून मला माळवदाच्या खोलीत ठेवलं, दुकानाची किल्ली आईनं कमरेला लावली आणि दाराशी काका खुर्ची टाकून बसले. घोटभरही मिळू दिली नाही. सगळ्यांना वाटत होतं की चाललंय ते चांगलंच चाललंय. मलाही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातातली चहाची बशी सांडली. दुसरी दिली, तीही सांडली. अंगातून घाम निथळत होता आणि मी सुमनला सांगत होतो की रुबिया कापडाच्या ताग्यावर मुंग्या चढल्यात, झटक. खोलीत तागा नव्हता, मुंगी नव्हती. काकांनी ओळखलं की मागची शपथ मोडली त्याचा हा कोप. आईनं कपाळाला विभूती लावली. कुणी तरी अंगातलं उतरवणाऱ्या मांत्रिकाला बोलवायला निघालंही होतं.

तू मशीनवरून उठून आलीस, टेप गळ्यातच. माझा हात धरलास आणि बघत राहिलीस. एवढं सांगतो अक्का, त्या मुंग्यांच्या गर्दीतही मला तुझा चेहरा आठवतो. तू म्हणालीस, गाडी बोलवा. काका म्हणाले की आज तिसराच दिवस आहे, शपथ चालू आहे, सव्वा महिना निघू दे.

"जिंतूरला बी तिसराच दिवस होता," तू म्हणालीस.

जिंतूर तुझं सासर. चौदा वर्षांत तू त्या गावाचं नाव घरात घेतलं नव्हतंस. भावजी प्यायचे, हे आम्हाला माहीत होतं. ते गेले, तेही. पण कसे गेले, हे तू त्या दुपारी उभ्या उभ्या सांगितलंस. तुझ्या सासरच्यांनीही शपथ घातली होती, खोलीत कोंडलं होतं. तिसऱ्या दिवशी हात थरथरले, चौथ्या दिवशी झटके आले आणि माणूस संपला. देवाचा कोप म्हणून सगळे गप्प बसले आणि तूही बसलीस. सव्वीस वर्षांची होतीस. शिलाई मशीन घेऊन माहेरी आलीस ती त्यानंतर.

काकांनी खुर्ची बाजूला घेतली.

आपल्या गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, एकदम बंद केली का? मग तुला आणि सुमनला समजावून सांगितलं. रोज पिणाऱ्याच्या अंगाला दारूची सवय झालेली असते. ती घरच्या घरी एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. सोडायचीच असते, पण डॉक्टरच्या नजरेखाली, औषधं देऊन. त्यांनी परभणीच्या सरकारी दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. पुढचं मला सुमननं सांगितलं. तू विचारलंस, हा आजार आहे का? ते हो म्हणाले. तू विचारलंस, औषध आहे? ते म्हणाले, आहे, मन लावून घेतलं तर माणूस चांगला राहतो. तू दवाखान्याच्या पायरीवर बसलीस. सुमनला वाटलं, रडशील. तू रडली नाहीस. थोडा वेळ बसलीस आणि ड्रायव्हरला म्हणालीस, चला. त्या पायरीवर तू चौदा वर्षांचं काय काय मनातून काढलंस, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

परभणीला केसपेपर काढताना एका चष्मेवाल्या सिस्टरनं नातं विचारलं. तू बहीण म्हणालीस आणि नात्याच्या रकान्यापुढं सही केलीस. तुझ्या त्या रकान्याची ती सुरुवात.

मी दहा दिवस आत होतो. तेवढ्यात तू तो दवाखाना पाठ केलास. मानसोपचाराची खिडकी कुठली, मोठे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, समुपदेशन करणारी बाई कुठल्या खोलीत, गोळ्या कुठं मिळतात, पुन्हा कधी दाखवायचं. त्या खिडकीपुढं उभं राहायला माणसं लाजतात, ओळखीचं दिसलं की पाणी प्यायला म्हणून सटकतात. तू तिथं पिशवी मांडीवर घेऊन हूक-काजे करत बसायचीस. मला तेव्हा तुझी लाज वाटायची. ते आता लिहून टाकलेलं बरं.

चार महिन्यांनी मी घसरलो. एका नातेवाइकाच्या लग्नात एक पेला घेतला आणि आठवड्यात पुन्हा बाटलीवर आलो. गावात आपण कावीळ झाली होती म्हणून सांगितलेलं, आता काय सांगायचं? काकांनी एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेला एका केंद्राचा नंबर उतरवून आणला. सहा महिने ठेवून घेतात, कटकट नाही. तू म्हणालीस, आधी मी बघून येते. एकटीच शेजारच्या जिल्ह्यात गेलीस आणि त्याच दिवशी परत आलीस. शटरला कुलूप होतं, एक माणूस खाटेला बांधलेला होता. डॉक्टर कधी येतो असं विचारलं तर म्हणाले, लागला तर बोलावतो. घरच्यांनी तीन महिने भेटायचं नाही. तू काकांना चहा दिलास आणि सांगितलंस की तिथं मी माझी म्हैससुद्धा ठेवणार नाही. म्हैस आपल्याकडं नव्हती, पण काकांना मुद्दा कळला.

दुसऱ्या दिवशी तू मला पुन्हा परभणीला नेलंस. मला वाटलं डॉक्टर हाकलून देतील. ते म्हणाले, ताप उलटला तर पुन्हा येताच की, बसा. त्या खेपेला त्यांनी दारू सोडलेल्या माणसांच्या बैठकीचा पत्ता दिला. शहरात दर आठवड्याला एका शाळेच्या खोलीत भरायची. नाव-गाव बाहेर जात नाही, प्रत्येक जण आपली आपली सांगतो. मी जायला लागलो. गावात सांगायचो, माल आणायला चाललो. ताडकळसला अजूनही वाटत असेल की हा वाणी दर आठवड्याला परभणीहून काय एवढा माल आणतो.

दुसऱ्यांदा घरी आलो त्या सकाळी तू माझं लिंग घेऊन आलीस. धुतलेलं, नवा दोरा घातलेला. मी तळहात पुढं केला आणि म्हणालो, शपथ घेतो.

"नको," तू म्हणालीस. "शपथ मोडली की माणूस लपतो. लपलेल्या माणसाला मी कुठं हुडकू? पेलास तर येऊन मला सांग. तेवढंच कर."

आणि गळ्यात बांधलंस. अक्का, सात वर्षांत मला दोनदा तुझ्याकडं येऊन सांगावं लागलं की आज प्यायची फार इच्छा झालीय. पिऊन आलोय असं सांगायची वेळ आली नाही. दोन्ही वेळा तू मला पडद्याआड स्टुलावर बसवलंस आणि ढीगभर ब्लाउजांना हूक लावायला दिलेस. मी लावलेले हूक तू नंतर उसवून पुन्हा लावलेस, हे मी पाहिलं होतं.

बायका यायला कधी लागल्या ते मला नीट आठवत नाही. पहिली बहुतेक माप देताना रडली असेल आणि तू कारण विचारलं असशील. मग एकीनं दुसरीला सांगितलं. रीत अशी पडली की जिला शिवायचं आहे ती नेहमीसारखी मापाचं ब्लाउज घेऊन यायची. जिचं काम वेगळं, ती नुसता ब्लाउजपीस घेऊन यायची आणि म्हणायची, मापाचं ब्लाउज आणलं न्हाई, अंगावरच माप घ्या. तू पडदा ओढायचीस. बाहेर सासू बसलेली असो की दीर, बाईचं माप चाललंय म्हटल्यावर कोण आत येणार? गावातली इज्जत राखून बाईला तास-अर्धा तास मोकळं बोलता येईल अशी जागा तू माझ्या दुकानात केलीस आणि मला विचारलंही नाहीस. एका बाहीच्या मापाला पाऊण तास लागला की मी पुढून ओरडायचो, काय हत्तीची झूल शिवायलीस का?

तू काय सांगायचीस ते पडद्यातून ऐकू यायचं. कोंडून एकदम बंद करू नका. जेवणातून काही घालू नका. हात कापायला लागले, अंगात झटका आला, भलतंच बोलायला लागला तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. तो येत नसेल तर तुमी एकट्या या, डॉक्टर तुमच्याशी बी बोलतात. मारत असेल तर आधी सवताला आन् लेकरांना सांभाळा. पूर्णेकडून, पालमकडून बायका यायच्या. एकदा जिंतूरहून एक आली. त्या दिवशी तू दुपारी जेवली नाहीस.

जिला सोबत कुणी नसेल तिच्याबरोबर तू स्वतः एसटीत बसायचीस. दवाखान्यात नातं विचारलं की ठरलेलं उत्तर. एकदा मी गोळ्यांसाठी गेलो तर त्या चष्मेवाल्या सिस्टरनं हसत विचारलं, "तुमच्या अक्काला भाऊ तरी किती हो? त्यातला खरा कोणता?" मीही हसलो. पण परत येताना एसटीत मला इतका अभिमान वाटत होता की शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटलं, माझी बहीण आहे ती. सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही. घरी आल्यावर म्हणालो, तुझ्यामुळं बाह्या उशिरा जायल्यात, गिऱ्हाईक तुटंल.

तुझे सगळे भाऊ सुटले नाहीत. दोघं तर गेले, त्यांच्या मातीला तू जाऊन आलीस. एक जण चौथ्यांदा भरती झाला तेव्हा त्याच्या बायकोपेक्षा तूच जास्त वैतागली होतीस, पण गेलीसच. आणि काही जण बाजारच्या दिवशी दुकानापुढून जाताना मला उगाच नमस्कार घालायचे. तो नमस्कार कुणाला आहे, हे मला कळत होतं.

या सगळ्यात तू माझं नाव एकदाही घेतलं नाहीस. माझा भाऊ असा होता आणि आता बघा कसा गादीवर बसलाय, एवढं एक वाक्य म्हटलं असतंस तरी तुझं काम सोपं झालं असतं. तू ते मलाच म्हणायला सांगत होतीस. बायका माझं ऐकतात, पण गडी बाईचं ऐकत नाहीत, गड्याला गड्यानं सांगावं लागतं, असं तुझं म्हणणं. माझ्याकडं कारणं भरपूर होती. आधी दुकान. मग समाज. अलीकडं लीलाचं लग्न. माझ्या पोरीला जिंतूरचं स्थळ आलेलं, माणसं चांगली, दोन बैठकी झालेल्या. त्यांना मुलीचा बाप दारुडा होता हे कळलं तर?

शेवटचं भांडण तू जायच्या पाच दिवस आधी झालं. शोभा आली होती, काळी-पिवळी चालवणाऱ्या बालाजीची बायको. त्याच्या जीपमध्ये गावातल्या पोरी कॉलेजला जातात, आणि तो सकाळीच घेऊन बसतो. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतो, मला बायकांनी शिकवू नये. शोभा गेल्यावर तू पडदा सारून माझ्याजवळ आलीस.

"म्हादू, तू फकस्त त्याच्याजवळ जाऊन बस. काय बोलू बी नको. तुला बगून त्याला कळंल."

"आन् गावाला कळंल त्याचं काय?"

"काय कळंल? तू बरा झालास, हेच की."

मी तुला तोडून बोललो की हा विषय पुन्हा काढायचा नाही. तू "बरं" म्हणालीस, मशीनवर बसलीस आणि दातानं दोरा तोडलास. तुझं ते "बरं" मला अकरा दिवस ऐकू येतंय.

तू गेलीस तेव्हा मी परभणीला बैठकीत होतो. शाळेच्या खोलीत बाकापाशी उभा राहून म्हणत होतो की मी महादेव, मी दारुडा आहे. तिकडं दुपारी मशीनवर तुझ्या छातीत कळ आली आणि तू मान खाली घातलीस. सुमनला वाटलं, सुईत दोरा ओवतेय.

आपल्या रिवाजाप्रमाणं तुला बसवूनच पुरलं, डाव्या हातात लिंग देऊन. जन्मभर बसून काम केलंस, मातीतही ताठ बसलीस. आणि बायका किती आल्या अक्का. जीप भरून, एसटीनं, दुचाकीवर मागं बसून. गावातली माणसं एकमेकांना विचारत होती, एका शिलाईवालीला ही एवढी गर्दी कुठली?

तिसऱ्या दिवशी घरापुढं श्रद्धांजलीची बैठक झाली. सरपंच बोलले, एक निवृत्त गुरुजी बोलले. हात चांगला होता, फिटिंग चांगलं होतं, स्वभाव मनमिळाऊ होता. मला हसू आलं, मनमिळाऊ म्हणे. पुढच्या रांगेत लीलाच्या स्थळाचे, जिंतूरचे पाहुणे बसले होते. मागं त्या बायका पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांतली एकही उठत नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या बोलूच शकत नव्हत्या. तू काय केलंस हे सांगायचं तर नवऱ्याचं नाव उघडं पडणार. तू शेवटपर्यंत त्यांची झाकली मूठ राखलीस आणि आता त्या तुझ्यासाठी गप्प होत्या. मी बोललो नाही तर तू कायमची फिटिंग चांगलं असणारी बाई राहणार होतीस.

भाऊ म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी आभार मानायचं ठरवून उभा राहिलो होतो. तोंडातून आलं ते वेगळंच.

"मला कावीळ झाली न्हवती," मी म्हणालो.

पुढं सगळं सांगितलं. बाटली, देवळीतलं लिंग, मुंग्या, दोन वेळचा दवाखाना, दर आठवड्याचा माल. तू जिंतूरला काय पाहिलंस तेही सांगितलं, त्याची माफी माग म्हणालीस तर मागतो. कुणाच्या घरचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो की हा आजार आहे, त्याला परभणीत औषध आहे, आणि मला ते माझ्या बहिणीनं शोधून दिलं, इतरांनाही दिलं. मागं एक बाई रडायला लागली, मग शेजारची. काका खाली मान घालून बसले होते. खाली बसलो तेव्हा माझे हात स्थिर होते.

जिंतूरच्या पाहुण्यांनी चहा घेतला, नमस्कार केला आणि गेले. त्यांचा निरोप अजून आलेला नाही. लीलाला मी रात्रीच्या जेवणाला विचारलं की तुझं नुकसान केलं का. ती म्हणाली, "पप्पा, आत्यानं मला सगळं कधीच सांगितलं होतं. तुमी सांगायची वाट बगायलो होतो आमी." म्हणजे तू तुझा नियम एकदा मोडलास. बरं केलंस.

आणि काल सकाळी मी शटर उघडत होतो तर पायरीपाशी बालाजी. हातात घडी घातलेला जांभळा ब्लाउजपीस, त्याच्या बायकोचा. एवढा धिप्पाड गडी आणि कापड असं धरलेलं, की कुणाचं तरी लेकरू सांभाळायला दिलंय.

"शोभीनं दिलंय," म्हणाला. "शिवायचं न्हाई."

मी पडदा सारला आणि त्याला आत घेतलं. तुझ्या स्टुलावर बसवलं. सकाळी घेतलीस का विचारलं, तर थोडी म्हणाला. हात कापत होते. मी त्याला आजपासून बंद कर म्हणालो नाही, शपथ घातली नाही, उपदेश केला नाही. काही बोलायचं नसतं, हे तूच सांगितलं होतंस. मी फक्त जवळ बसलो. थोड्या वेळानं तोच म्हणाला की तुमाला बी मुंग्या दिसल्या होत्या का. मी म्हणालो, ढीगभर. जीपची किल्ली शोभाकडं द्यायला लावली आणि आम्ही दोघं एसटीनं निघालो.

दवाखान्यात ती चष्मेवाली सिस्टरच होती. तिनं मला ओळखलं आणि माझ्या मागं बघितलं, तू येत असशील म्हणून. मी सांगितलं. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग चष्मा लावला, केसपेपर पुढं ओढला आणि बालाजीला नाव, वय, गाव विचारलं. तो आत डॉक्टरांकडं गेला. तिनं कागद माझ्याकडं सरकवला. सोबत आलेल्याचं नाव मी लिहिलं. त्याच्या शेजारी नात्याचा रकाना होता.

मी लिहिलं, भाऊ.